रिहॅबसाठी व्हीआर हेडसेट: रोज वापरणाऱ्या फिजिओचा सविस्तर रिव्ह्यू

मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक पेशंट स्ट्रोकनंतरचे, काही मान-पाठदुखीचे आणि बरेचसे वयस्कर लोक, ज्यांचा चालताना तोल जातो. डिपार्टमेंटमध्ये व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून कॉम्प्युटरने उभं केलेलं जग दाखवणाऱ्या व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा, सेटअप आल्यापासून पेशंटच्या घरचे एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, ते डोळ्यांना लावायचं मशीन आहे ना, त्याने हात लवकर चालू होईल का?" उभ्या उभ्या उत्तर देताना निम्मंच सांगून होतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. कुठल्या कंपनीचा सेट ते सांगत नाहीये, कारण असे बरेच सेट मिळतात आणि मला जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू आहे.

आधी निकाल सांगते, ज्यांना पुढचं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. स्ट्रोकनंतर हाताच्या व्यायामाला जोड म्हणून ५ पैकी ४, पण शेजारी थेरपिस्ट उभा राहून बघत असेल तरच. तोल सांभाळण्याच्या ट्रेनिंगला पण ४, तिथे मात्र डोक्यावर हेडसेट नको, समोर स्क्रीन बरी, का ते खाली लिहिलंय. दुखण्यासाठी साडेतीन. आणि कोणी नुसता हेडसेट चढवून पेशंटला खुर्चीत सोडून देणार असेल तर त्याला मी १ सुद्धा देणार नाही.

सेट म्हणजे काय असतं तर गेमिंगला वापरतात तसाच हेडसेट, दोन हातात दोन कंट्रोलर, आणि आत रिहॅबसाठी, म्हणजे गेलेली हालचाल परत आणायच्या व्यायामासाठी, बनवलेलं सॉफ्टवेअर. पेशंटला जे दिसतंय ते थेरपिस्टला टॅबवर दिसतं, तिथून लेव्हल बदलता येते, वस्तू किती लांब ठेवायची, डावीकडे की उजवीकडे, किती वेगाने यायची हे सगळं सेट करता येतं. फुगे फोडा, फळं टोपलीत टाका, फडताळातली भांडी वरच्या फळीवर ठेवा, असे प्रकार असतात. बघायला अगदी लहान मुलांचा खेळ वाटतो आणि काही पेशंटना पहिल्यांदा ते कमीपणाचं पण वाटतं, जे मला पटतं, सत्तरीतल्या माणसाला फुगे फोडायला सांगितलं की त्याला वाईट वाटणारच. अशा लोकांना मी सरळ भांडी ठेवायच्या किंवा बागेत पाणी घालायच्या गेमवर नेते, हालचाल तीच होते आणि माणसाचा मान राहतो.

आता याचा उपयोग का होतो ते. स्ट्रोकमध्ये मेंदूचा जो भाग गेला तो काही परत येत नाही, पण आजूबाजूचा शाबूत भाग ते काम शिकू शकतो आणि शिकण्यासाठी त्याला हवी असते तीच हालचाल पुन्हा पुन्हा, आणि तीही मन लावून केलेली. अडचण अशी की नेहमीच्या सेशनमध्ये तेवढे रेप्स होतच नाहीत. २००९ साली अमेरिकेत आणि कॅनडात थेरपीची सेशन्स प्रत्यक्ष बघून मोजणी केलेला एक अभ्यास आला होता, त्यात दिसलं की हाताच्या कामाच्या हालचालींचा सराव एका सेशनमध्ये सरासरी फक्त ३२ वेळा होतो, आणि प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांतून मेंदू बदलतो हे आपल्याला कळलं त्यांच्यात हेच रेप्स शेकड्यांनी असतात. हा आकडा वाचल्यापासून मी तो विसरू शकलेली नाही. आमचा आळस आहे असं नाही, पेशंटला उठवणं, बसवणं, हात सैल करणं, घरच्यांशी बोलणं यात वेळ जातो, आणि टेबलावरचे तेच तेच शंकूसारखे ठोकळे उचलून ठेवायचा पेशंटला मनापासून कंटाळा येतो, दहा वेळा केलं की म्हणतात आता बास.

हेडसेटमध्ये तोच माणूस "अजून एक राउंड लावा" म्हणतो. हे मी इतक्या जणांच्या बाबतीत बघितलंय की याबद्दल माझ्या मनात शंका नाही. स्कोअर समोर दिसतो, काल किती होता ते दिसतं, वस्तूला हात लागला की आवाज येतो, आणि मुख्य म्हणजे आजूबाजूचा हॉल, बाकीचे पेशंट, कोण आपल्याकडे बघतंय हे सगळं डोळ्याआड जातं. लक्ष फक्त त्या हातावर. हात उचलण्याचे रेप्स कितीतरी वाढतात आणि पेशंटला ते जाणवतही नाही, नंतर हात गळून गेला की मगच कळतं.

पण इथेच सगळ्यात मोठी गोची आहे आणि याबद्दल जाहिरातीत एक शब्द नसतो. आमच्यासारख्या साध्या हेडसेटला फक्त दोन गोष्टी कळतात, डोकं कुठे आहे आणि कंट्रोलर कुठे आहे. मधलं शरीर त्याला दिसत नाही. आता स्ट्रोकच्या पेशंटला पुढची वस्तू घ्यायला सांगा. कोपर सरळ होत नाहीये, मग तो काय करतो, खांदा कानापर्यंत वर चढवतो, कमरेतून पुढे झुकतो, अख्खं धड त्या बाजूला फेकतो आणि हात नेऊन पोचवतो. कोपर जिथल्या तिथे, नव्वद अंशात वाकलेलं. कंट्रोलर फुग्यापर्यंत पोचला, फुगा फुटला, टाळ्या वाजल्या, स्कोअर वाढला. सॉफ्टवेअरच्या लेखी हे झकास जमलं. माझ्या लेखी पेशंटने आत्ता चुकीची हालचाल केली आणि त्या चुकीला बक्षीस मिळालं. असे शेकडो रेप्स झाले तर मेंदू तेच शिकणार, खांदा उचका आणि झुका, कोपर सोडवायची गरजच नाही.

म्हणून आमच्याकडे मी काय करते तर पेशंटला पाठ असलेल्या खुर्चीत नीट बसवते, छातीवरून एक रुंद पट्टा खुर्चीला बांधते, घट्ट नाही, पुढे झुकलं की जाणवेल इतपत, आणि माझा एक हात त्याच्या खांद्याच्या वर ठेवते. खांदा वर यायला लागला की हाताला लगेच कळतं. दुसऱ्या हातात टॅब. वस्तू आधी जवळ आणि खाली ठेवते, मांडीपासून थोडीशी पुढे, जिथे कोपर आपलं आपण सुटेल, आणि मग थोडी थोडी लांब. पट्टा लावला की पहिल्या दिवशी स्कोअर धाडकन खाली येतो आणि पेशंट नाराज होतात. एक काका तर चिडून म्हणाले, "अहो काल तर चाळीस फोडले होते, आज तुम्ही बांधून ठेवलंत." त्यांना हेडसेट काढून आरशासमोर बसवलं आणि काल कसे फोडले होते ते करून दाखवलं, मग आज फोडलेल्या बारा फुग्यांची किंमत त्यांना कळली. नंतर ते स्वतःच सांगायला लागले, पट्टा आधी लावा.

तर व्हीआर चांगलं की वाईट हे त्या मशीनवरून ठरवू नका, ते चालू असताना थेरपिस्टचे हात आणि डोळे कुठे आहेत त्यावरून ठरवा. माझ्याकडे एक पेशंट आला होता जो आधी दुसऱ्या एका सेंटरला व्हीआरचं पॅकेज घेऊन करत होता. तिथे हेडसेट लावून द्यायचे, गेम चालू करायचे आणि स्टाफ पुढच्या पेशंटकडे जायचा. स्कोअरचे ग्राफ मस्त वर चढत गेलेले, फाइलला रंगीत प्रिंटआउट लावलेले, आणि पेशंट माझ्याकडे आला तो खांदा दुखतो म्हणून. स्ट्रोकमध्ये खांदा आधीच सैल झालेला असतो, स्नायू धरून ठेवत नाहीत, त्यावर असं ओढून ओढून काम करून घेतलं की तो दुखणारच. वर हेडसेटमध्ये पेशंटला स्वतःचा खरा हात दिसतच नाही, दिसतो तो सॉफ्टवेअरने काढलेला छानसा हात. खरा हात कसा लोंबतोय हे बघायला दुसरं कोणीतरी लागतं. मला त्या प्रकाराचा खरंच राग आला, कारण माणूस मनापासून मेहनत करत होता आणि त्याच्या मेहनतीकडे कोणी बघतच नव्हतं.

दुसरी अडचण कंट्रोलरची. ज्यांची पकड आहे त्यांना काही प्रश्न नाही, पण आमच्या निम्म्या पेशंटची मूठ एकतर उघडत नाही किंवा बोटांत जोरच नाही. कंट्रोलर हातातून निसटतो, पेशंट शरमतो. आम्ही वेल्क्रोच्या पट्टीने तो तळहाताला बांधतो, ते चालतं, फक्त मनगट आत वळत नाहीये ना ते बघावं लागतं. कंट्रोलरशिवाय नुसत्या हातावर चालणारं ट्रॅकिंग आता बऱ्याच हेडसेटमध्ये आहे आणि ऐकायला ते आदर्श वाटतं, पण ते मोकळ्या, पसरलेल्या बोटांवर छान चालतं. आखडलेली, अंगठा आत दाबलेली मूठ त्याच्या कॅमेऱ्याला नीट ओळखू येत नाही, हात मध्येच गायब होतो, आणि पेशंटला वाटतं माझंच काही चुकतंय. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांच्याबाबतीतच हे फीचर कच्चं पडतं. आम्ही आधी हात सैल करून, स्ट्रेच देऊन, मग ट्रॅकिंगवर घेतो, तरी प्रत्येकाचं जमेलच असं नाही.

एका बाबतीत मात्र मला हे साधन खूपच आवडतं, ते म्हणजे उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर ज्यांचं डावीकडे लक्षच जात नाही असे पेशंट. ताटातली डावी बाजू तशीच राहते, दाराच्या डाव्या चौकटीला धडकतात. त्यांना तोंडाने "डावीकडे बघा, डावीकडे बघा" सांगून आमचा घसा बसतो. व्हीआरमध्ये वस्तू हळूहळू मधून डावीकडे सरकवत नेता येतात, आधी आवाज डावीकडून देता येतो मग वस्तू, आणि आजूबाजूला लक्ष खेचणारं दुसरं काही नसतं. मान आपोआप वळायला लागते. हे टेबलावर करता येत नाही असं नाही, पण इतक्या बारीक टप्प्यांनी करता येत नाही.

आता अभ्यास काय म्हणतात, कारण "संशोधनाने सिद्ध" असं लिहिलेली पत्रकं सगळीकडे असतात. कॉक्रेन ही जगभरातल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था, तिचा स्ट्रोक आणि व्हीआरवरचा आढावा २०१७ मध्ये अपडेट झाला, त्यात ७२ चाचण्या आणि २४७० पेशंट होते. तेव्हाचा निष्कर्ष थोडक्यात असा की हाताच्या कामात नेहमीच्या थेरपीच्या जागी व्हीआर वापरलं तर जास्त फायदा दिसला नाही, पण नेहमीच्या थेरपीच्या वर जोडून वापरलं, म्हणजे एकूण सरावाचा वेळ वाढला, तर फायदा होऊ शकतो. हे पण तिथेच लिहिलंय की पुराव्याची गुणवत्ता कमी आहे. यात साधे स्क्रीनवरचे गेम आणि स्पेशल सिस्टिम दोन्ही एकत्र आहेत हे लक्षात ठेवायचं.

आणि एक चाचणी आहे जी प्रत्येक पेशंटच्या घरच्यांनी ऐकायला हवी असं मला वाटतं. टोरांटोच्या गुस्ताव्हो सापोस्निक यांच्या टीमची, २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजी या मेडिकल जर्नलमध्ये आलेली. १४१ पेशंट, स्ट्रोक होऊन तीन महिन्यांच्या आतले. अर्ध्यांना दोन आठवड्यांत दहा सेशन निन्टेन्डो वी (Wii) या गेमिंग मशीनचे गेम, उरलेल्यांना तेवढाच वेळ पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू असले साधे खेळ. नेहमीची थेरपी दोघांनाही चालू. शेवटी दोन्ही गट सुधारले आणि दोघांत फरक नाही. मला हे वाचून व्हीआरबद्दल निराशा वाटली नाही, उलट मोकळं वाटलं. म्हणजे ज्यांना हा सेटअप परवडत नाही किंवा जवळपास मिळत नाही त्यांचं काही बुडालेलं नाही, लुळ्या हाताने पत्ते वाटायला लावा, बोटांनी ठोकळे रचायला लावा, मन लावून आणि भरपूर, तोही खरा इलाज आहे. अर्थात वी हे घरगुती गेमिंगचं साधन होतं, रिहॅबसाठी बनवलेलं नव्हतं, त्यामुळे आजच्या सॉफ्टवेअरला हा निकाल जसाच्या तसा चिकटवता येणार नाही, पण "व्हीआर केलं नाही तर हात येणार नाही" असं कोणी सांगत असेल तर त्याला ही चाचणी दाखवा.

तोलाकडे येते. इथे पुरावा मला जास्त ठोस वाटतो. २०१६ मध्येच लॅन्सेटमध्ये व्ही-टाइम नावाची चाचणी आली, पाच देशांत मिळून ३०२ लोक, ६० ते ९० वयाचे, मागच्या सहा महिन्यांत किमान दोनदा पडलेले. सगळ्यांना ट्रेडमिलवर चालवलं, आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. निम्म्यांना नुसतं ट्रेडमिल, निम्म्यांना ट्रेडमिल आणि समोर मोठी स्क्रीन, त्यावर रस्ता, वाटेत अडथळे, डबकी, आणि त्यांचे स्वतःचे पाय कॅमेऱ्याने टिपून तिथे दाखवलेले. पुढच्या सहा महिन्यांत स्क्रीनवाल्यांचं पडण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, सहा महिन्यांना ११.९ वरून ६, आणि नुसत्या ट्रेडमिलवाल्यांचं १०.७ वरून ८.३ च्या आसपास. कारण माझ्या रोजच्या कामाशी अगदी जुळतं, म्हातारी माणसं पाय अशक्त आहेत म्हणूनच पडतात असं नाही, चालताना दुसरीकडे लक्ष गेलं, कोणी हाक मारली, पाय किती उचलायचा याचा अंदाज चुकला की पडतात. सपाट ट्रेडमिलवर हा सराव होतच नाही.

पण बघा, त्या चाचणीत डोक्यावर हेडसेट नव्हता. आणि मी पण उभ्याने करायच्या व्यायामात तोल जाणाऱ्या माणसाला हेडसेट लावत नाही. डोळे झाकले की त्याला जमीन दिसत नाही, स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि तोल सांभाळायला जे लोक डोळ्यांवरच सगळ्यात जास्त अवलंबून असतात त्यांचाच आधार आपण काढून घेतो. फार तर हार्नेसमध्ये (पडू न देणाऱ्या, वरून टांगलेल्या पट्ट्यांत), समांतर बारच्या मध्ये, कमरेला बेल्ट आणि बेल्टवर माझा हात, असं असेल तर. कोणी मोकळ्या खोलीत आजीला उभं करून हेडसेट लावताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा, काहीही वाटून घेऊ नका.

दुखण्याचं क्षेत्र वेगळंच आहे आणि व्हीआरची खरी जुनी ओळख तिथली. सिएटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या पेशंटसाठी स्नोवर्ल्ड बनवलं, जखमेचं ड्रेसिंग चालू असताना पेशंट बर्फाच्या दरीतून तरंगत जातो आणि पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. ज्यांनी भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग एकदा तरी बघितलंय त्यांना कळेल ही केवढी मोठी गोष्ट आहे. औषधं चालूच असतात, पण लक्ष दुसरीकडे ओढलं गेलं की दुखण्याकडे द्यायला मेंदूकडे कमी उरतं.

जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, नोव्हेंबर २०२१ मध्ये ईझव्हीआरएक्स नावाच्या घरी वापरायच्या सिस्टिमला परवानगी दिली, आठ आठवड्यांचा प्रोग्राम, रोज काही मिनिटं, श्वास, लक्ष, दुखण्याकडे बघण्याची पद्धत यावर काम. चाचणीत १७९ लोक होते आणि आठ आठवड्यांनी दुखणं ३० टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं ६६ टक्क्यांनी सांगितलं, तुलनेच्या गटात ४१ टक्क्यांनी. त्या गटालाही हेडसेटच दिला होता, आत साधे सपाट व्हिडिओ, आणि तरी ४१ टक्के, म्हणजे आपली कोणीतरी दखल घेतंय या भावनेचाही त्यात वाटा आहे. म्हणून मी दुखण्याला साडेतीनच देते. हे दुखण्याशी जगायला शिकवणारं साधन आहे, कंबरेची ताकद त्याने वाढत नाही, व्यायाम करावाच लागतो.

मानेचं मात्र मला फार आवडतं, थोडं जास्त लिहिते. मान दुखणारे बरेच लोक मान वळवतच नाहीत, अख्खे वळतात. एका हद्दीपाशी दुखतं हे त्यांना माहीत असतं आणि तिथे पोचायच्या आधीच स्नायू आवळले जातात. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात २४ मानदुखीच्या पेशंटवर एक प्रयोग झाला, हेडसेटमध्ये त्यांना दिसणारं दृश्य मुद्दाम बदललं. मान जेवढी वळली त्याहून कमी वळली असं डोळ्यांना दाखवलं तर न दुखता वळण्याची हद्द ६ टक्के वाढली, आणि जास्त वळली असं दाखवलं तर ७ टक्के कमी झाली. म्हणजे दुखणं कुठे सुरू व्हायचं हे नुसतं सांध्यावर ठरत नाही, मेंदूला किती धोका वाटतोय त्यावरही ठरतं. आमच्या सेटमध्ये अशी फसवणूक करायची सोय नाही, पण साधं सुद्धा चालतं, पेशंटला झाडावरचा पक्षी शोधायला सांगायचं. एक ताई "माझी मान उजवीकडे जातच नाही" म्हणत आल्या होत्या, पक्ष्याच्या मागे मान कितीतरी वळली, मी टॅबवर कोन बघत होते आणि त्यांना काहीच बोलले नाही. हेडसेट काढल्यावर दाखवलं तर म्हणाल्या, "अगं, ही माझी मान?" मग त्याच कोनापर्यंत हेडसेटशिवाय वळवून घेतलं. हे दुसरं पाऊल घेतलं नाही तर पहिल्याचा काही उपयोग नाही, हेडसेटमध्ये वळलेली मान हेडसेटमध्येच राहते.

हात किंवा पाय कापलेल्या लोकांना नसलेल्या अवयवात दुखतं, त्यासाठी मेंदूचा अभ्यास करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाची पेटी आणली, शाबूत हाताचं प्रतिबिंब बघून मेंदूला वाटतं दुसरा हात पण हलतोय. व्हीआरमध्ये तीच कल्पना पुढे नेतात. माझ्याकडे असे पेशंट कमी येतात म्हणून यावर रेटिंग देत नाही, एवढंच सांगते की साधा आरसा घरीही मिळतो, आधी तो करून बघा.

मळमळ आणि चक्कर यावर सगळे विचारतात. होते, सगळ्यांना नाही, पण होते. डोळे सांगतात आपण चाललोय, कानातला तोल सांगतो आपण बसलोय, या भांडणात पोट ढवळतं. ज्या गेममध्ये पेशंट एका जागी बसून वस्तू हाताळतो त्यात हे फार कमी, आणि ज्यात दृश्य आपोआप पुढे सरकतं त्यात जास्त. पहिलं सेशन मी अगदी काही मिनिटांत आटोपते आणि पेशंटचा चेहरा बघत राहते, घाम आला, जांभया सुरू झाल्या, बोलणं कमी झालं की बंद. पेशंट भिडेखातर सांगत नाहीत हो, "ठीक आहे ठीक आहे" म्हणतात आणि मग दिवसभर डोकं धरून बसतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. पेसमेकर किंवा दुसरं काही उपकरण शरीरात बसवलं असेल तर तेही आधी सांगा, या सेटमध्ये मॅग्नेट आणि रेडिओ सिग्नल असतात. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, कवटीचं हाड काढलेलं, मानेला कॉलर, यांना मी घेतच नाही.

वजन ही छोटी वाटणारी पण मोठी गोष्ट. क्वेस्ट २ सारखा हेडसेट ५०३ ग्रॅमचा, म्हणजे अर्धा किलो, आणि सगळा भार पुढे गालांवर. अशक्त मानेच्या माणसाचं डोकं हळूहळू खाली जातं. मागे वजन असलेला किंवा कडक पट्ट्याचा स्ट्रॅप लावला की फरक पडतो, सोबत येणारा मऊ इलॅस्टिकचा पट्टा आमच्या कामाचा नाही. चष्मा असेल तर तो काढू नका, आतल्या जागेत बसतो का बघा, आणि दोन भिंगांमधलं अंतर पेशंटच्या डोळ्यांप्रमाणे सरकवून घ्या. कित्येकदा पेशंट धुरकट दिसतंय म्हणून कंटाळलेला असतो आणि आपल्याला वाटतं त्याला गेम आवडला नाही. चेहऱ्याला लागणारा भाग धुता येणारा सिलिकॉनचा असावा, प्रत्येक पेशंटनंतर पुसलेला असावा, स्पंजचा घामट भाग कोणी तुमच्या माणसाच्या तोंडाला लावत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

रिपोर्टबद्दल शेवटी. सॉफ्टवेअर सुंदर ग्राफ काढतं, स्कोअर, वेग, हात किती लांब गेला. ते बघून आनंद जरूर होऊ द्या, पण फी भरताना त्यावर निर्णय घेऊ नका, कारण माणूस गेममध्ये तरबेज होतो म्हणजे हात सुधारतोच असं नाही. आमच्याकडे दर काही आठवड्यांनी गेमच्या बाहेरची टेस्ट घेतो. सगळ्यात सोपी बॉक्स अँड ब्लॉक, एक लाकडी पेटी, मध्ये आडवी फळी, अडीच सेंटिमीटरचे ठोकळे, एका मिनिटात किती ठोकळे फळीपलीकडे नेता येतात ते मोजायचं. जिथे नाव नोंदवणार असाल तिथे विचारा, सुरुवातीला ही किंवा फुगल-मायर (स्ट्रोकनंतरच्या हालचालींना गुण देणारी) अशी कुठली टेस्ट घेतली का आणि पुन्हा कधी घेणार. आणि व्हीआर तुमच्या नेहमीच्या सेशनमधला वेळ कापून देणार की वर वेगळा वेळ देणार, हे पण विचाराच, २०१७ च्या त्या आढाव्यात हाताचा फायदा या वरच्या वेळेतच दिसला होता.

घरी हेडसेट घ्यायचा का असं विचारणाऱ्या मुलांना मी सांगते, घाई नको. बाजारातले साधे गेम निरोगी हाताच्या वेगाने बनवलेले असतात, तुमच्या वडिलांचा हात पोचेपर्यंत वस्तू निघून जाते आणि ते हरतच राहतात. आधी सेंटरला करून बघा, मळमळ होत नाही ना, पट्टा लावून कोपर सरळ होतंय ना, आणि थेरपिस्टने बसवून दिलेली लेव्हल घरी कोणी बदलणार नाही ना. हे सगळं जमलं तर जरूर घ्या. पण सेशनच्या वेळी घरातलं कोणीतरी शेजारी बसायला हवं, मोबाईल बाजूला ठेवून, खांद्यावर हात ठेवून. तो हात कसा आणि कुठे ठेवायचा हे आमच्याकडून एकदा शिकून घ्या, फार वेळ लागत नाही.